जुना आजार आणि यकृत-पित्तमार्गाचा कर्करोग : आपला धोका ओळखून तपासण्यांचे वेळापत्रक कसे आखावे

अण्णांची दाढ काढायची होती. दंतवैद्यांनी आधी रक्ताची साधी तपासणी करून आणायला सांगितले आणि अहवाल हातात घेताच विचारले, "यांच्या प्लेटलेट्स इतक्या कमी का? यकृताचे काही आहे का?" अण्णांना अठरा वर्षांपासून मधुमेह होता. नऊ वर्षांपासून त्यांच्या प्रत्येक सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' हे शब्द छापून येत होते. दारूला मात्र त्यांनी आयुष्यात हात लावलेला नव्हता, त्यामुळे यकृताचा विचार आमच्या घरात कोणाच्या मनाला शिवलाही नव्हता. पुढच्या दीड महिन्यात सिऱ्हॉसिसचे, म्हणजे यकृत व्रणांनी भरून आकसल्याचे, निदान झाले आणि त्यानंतर वर्षभराने, ठरवून केलेल्या तिसऱ्या सोनोग्राफीत, १.६ सेंटिमीटरची गाठ सापडली.

गाठ लहान असतानाच सापडली म्हणून उपचाराला वाव मिळाला. मात्र तिच्यापर्यंत नेणारी वाट नऊ वर्षे आमच्याच कपाटातील फाइलमध्ये पडून होती आणि ती वाचायची कशी हे आम्हाला ठाऊक नव्हते. ते वाचन कसे करावे, कोणत्या आजाराने धोका किती वाढतो आणि कोणत्या तपासणीवर किती विसंबावे, हे त्या दोन वर्षांत जसे शिकलो तसे येथे मांडले आहे. मी वैद्यकीय व्यावसायिक नाही. उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांचाच असेल, पण त्यांच्यासमोर बसताना हातात काय असावे आणि काय विचारावे, एवढे या लेखातून नक्की मिळेल.

१. आपण कोणत्या गटात मोडतो ते पाहा

यकृताच्या पेशींचा कर्करोग निरोगी यकृतात क्वचितच होतो. बहुतेक रुग्णांत तो आधीच व्रणांनी भरलेल्या, आकसलेल्या यकृतात, म्हणजे सिऱ्हॉसिसमध्ये उद्भवतो. पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या तयार होतात, पुन्हा मरतात. हा क्रम वर्षानुवर्षे चालू राहिला की पेशींच्या विभाजनात चूक होण्याची शक्यता वाढत जाते. सिऱ्हॉसिस झालेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण १ ते ४ जणांना दर वर्षी हा कर्करोग होतो. एका वर्षापुरता हा आकडा लहान वाटतो, पण सिऱ्हॉसिस घेऊन माणूस दहा-पंधरा वर्षे जगू शकतो आणि धोका दर वर्षी नव्याने उभा राहतो.

यकृताच्या बाबतीत धोका वाढवणारे आजार असे : जुनाट हेपेटायटिस बी, जुनाट हेपेटायटिस सी, दारूमुळे झालेला यकृतविकार, मधुमेह आणि लठ्ठपणा यांच्यासोबत येणारे फॅटी लिव्हर, शरीरात लोह साचण्याचे आजार (वारंवार रक्त द्यावे लागणारे थॅलेसेमियाचे रुग्णही यात येतात) आणि यकृतावर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला करणारे काही विकार. मधुमेह असलेल्या व्यक्तीत यकृताच्या कर्करोगाचा धोका मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत साधारण दोन ते तीन पट असतो. हे आजार एकमेकांवर चढत जातात, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. हेपेटायटिस बी असलेला मधुमेही माणूस रोज दारू घेत असेल आणि त्यावर तंबाखू किंवा धूम्रपानही करत असेल, तर त्याच्या बाबतीत या कारणांची नुसती बेरीज होऊन थांबत नाही.

पित्ताशय आणि पित्तनलिका यांच्या कर्करोगाची कारणे वेगळी आहेत. तेथे पित्तखडे, दीर्घकाळ राहिलेली सूज, पित्तनलिकेचे जन्मजात दोष आणि आतड्याचा एक विशिष्ट विकार यांचा विचार करावा लागतो. ते सहाव्या टप्प्यात पाहू.

२. जुनी कागदपत्रे तारखेनुसार लावा

हे काम एका रविवारात होते आणि याच्याइतके उपयोगाचे दुसरे काही नाही. आम्ही एक दोनशे पानी वही घेतली, डाव्या पानावर तारीख आणि उजव्या पानावर आकडे असे मांडले. जमवायच्या गोष्टी अशा :

- आजवरचे सर्व सोनोग्राफी अहवाल, केवळ शेवटचा नव्हे. अहवालातील तळाची 'निष्कर्ष' ही ओळ पुरेशी नसते. मजकुरात यकृताचा पृष्ठभाग, प्लीहेचा आकार आणि पित्ताशयाच्या भिंतीची जाडी लिहिलेली असते.
- रक्ताच्या तपासण्या : प्लेटलेट्स, एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम), बिलिरुबिन, अल्ब्युमिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन आणि मधुमेह असल्यास तीन महिन्यांची साखर.
- हेपेटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्यांचे निकाल. कधीच केल्या नसतील तर तसे वहीत लिहावे आणि पुढच्या भेटीत त्या मागाव्यात.
- चालू औषधांची यादी. काढे, चूर्णे, 'शक्तीची' इंजेक्शने आणि व्यायामशाळेतील पावडरीही तीत याव्यात. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद करोनाच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे, त्यामुळे 'ते औषध थोडेच आहे' असे म्हणून काहीही गाळू नये.
- पूर्वीच्या शस्त्रक्रियांचे डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या अवयवाचा पॅथॉलॉजी अहवाल.
- आई, वडील, भावंडे यांपैकी कोणाला यकृताचा कर्करोग किंवा हेपेटायटिस झाला होता का, याची नोंद.
- आधार कार्ड आणि शिधापत्रिका. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घ्यावे लागले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी ही लागतात. साध्या तपासण्या या योजनेत येतीलच असे गृहीत धरू नये. रुग्णालयातील योजनेच्या आरोग्यमित्रांना आधी विचारावे.

३. तीन साध्या तपासण्यांवरून यकृतातील व्रणांचा अंदाज घ्या

हा टप्पा मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण आमची चूक येथेच झाली.

'फायब-फोर' नावाचा एक आकडा आहे. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स या चार गोष्टींवरून तो काढता येतो. वयाला एसजीओटीने गुणावे. प्लेटलेट्सची संख्या हजारांत घेऊन तिला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणावे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे. उत्तर १.३ पेक्षा कमी आले तर यकृतात गंभीर व्रण असण्याची शक्यता कमी असते, २.६७ पेक्षा जास्त आले तर ती बरीच असते. मधले उत्तर आले तर पुढची तपासणी करून खात्री करावी लागते. पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ ही खालची मर्यादा धरतात आणि पस्तिशीच्या आत हा आकडा फारसा भरवशाचा नसतो.

अण्णांची वही अशी होती. पंचावन्नाव्या वर्षी एसजीओटी ३४, एसजीपीटी ४९, प्लेटलेट्स २ लाख १० हजार, उत्तर १.२७. साठाव्या वर्षी एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट्स १ लाख ६० हजार, उत्तर २.५. चौसष्टाव्या वर्षी, म्हणजे दाढेच्या वेळी, एसजीओटी ४८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट्स १ लाख १८ हजार; उत्तर ४.३४.

मधला अहवाल पुन्हा पाहा. साठाव्या वर्षीच्या त्या कागदावर एकही आकडा ठळक छापलेला नव्हता, एकाही आकड्यापुढे फुली नव्हती. प्रयोगशाळेच्या मर्यादेत तिन्ही आकडे बसत होते. एसजीपीटी तर आधीपेक्षा खाली आले होते आणि त्याचा आम्हाला आनंदच झाला होता. वास्तविक एसजीपीटी खाली येत असताना एसजीओटी त्याच्या वर जाणे आणि प्लेटलेट्स सावकाश घसरणे, हे व्रण वाढत असल्याचे जुने लक्षण आहे. यकृत कठीण झाले की त्यातून जाणारे रक्त तुंबते, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट्स तिच्यात अडकून राहतात. तेव्हाच हा भागाकार कोणी केला असता तर चार वर्षे हाती लागली असती.

येथे तीन गैरसमज हमखास आढळतात. 'एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणजे यकृत उत्तम आहे' हा पहिला. सिऱ्हॉसिसमध्येही ते नॉर्मल असू शकते. सोनोग्राफीतील 'ग्रेड १' किंवा 'ग्रेड २' यावरून आजाराची तीव्रता ठरवणे हा दुसरा. ही श्रेणी यकृतात चरबी किती आहे ते सांगते, व्रण किती आहेत ते नाही, आणि व्रण वाढत जातात तशी चरबी कधीकधी कमी दिसू लागते. तिसरा हिशेबाचा आहे : काही प्रयोगशाळा प्लेटलेट्स '१.१८ लाख' असे छापतात, काही '१,१८,०००' असे. सूत्रात मात्र ११८ घ्यायचे असतात.

आकडा मधला किंवा वरचा आला तर फायब्रोस्कॅन करावा. बरगड्यांच्या मधोमध एक काडीसारखे यंत्र टेकवून हलके ठोके देतात आणि यकृताचा कठीणपणा किलोपास्कलमध्ये मोजतात. दहा मिनिटांत काम होते, दुखत नाही. आधी किमान तीन तास काही खाऊ नये, कारण जेवणानंतर आकडा फुगतो. ताजी कावीळ असतानाही तो फुगतो. फॅटी लिव्हरमध्ये ८ पेक्षा कमी आकडा दिलासा देणारा मानतात. अण्णांचा २१ आला होता.

४. हेपेटायटिस बी आणि सी यांचा निकाल लावून टाका

प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी या दोन्ही तपासण्या कराव्यात असे माझे मत झाले आहे. मधुमेह किंवा फॅटी लिव्हर असेल तर नक्कीच. दोन्ही विषाणू रक्तातून पसरतात, पण कर्करोगाकडे नेण्याची त्यांची पद्धत वेगळी आहे. सी विषाणू यकृतात व्रण करून, सिऱ्हॉसिसच्या मार्गाने धोका वाढवतो. बी विषाणू तेही करतो, शिवाय आपली जनुकीय सामग्री यकृताच्या पेशीच्या जनुकांत मिसळू शकतो. म्हणूनच हेपेटायटिस बी असलेल्या माणसाला सिऱ्हॉसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो.

माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याला रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन आला तेव्हा आपल्याला हेपेटायटिस बी आहे हे कळले. त्याला कोणीतरी सांगितले, "तुम्ही फक्त वाहक आहात, काळजीचे कारण नाही." तो सहा वर्षे स्वस्थ बसला. 'वाहक' या शब्दाने आपल्याकडे फार नुकसान केले आहे. विषाणू आज शांत असेल, पण पुढे जागा होऊ शकतो. त्यामुळे एसजीपीटी आणि विषाणूचे प्रमाण ठरावीक काळाने तपासत राहावे लागते. गरज असल्यास टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर ही रोजची गोळी देतात. तिने कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही. ही गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये, कारण विषाणू एकदम उसळून यकृत निकामी होऊ शकते. दुसऱ्या एखाद्या आजारासाठी केमोथेरपी, रिटक्सिमॅब किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड सुरू होणार असेल तर त्याआधीही बी विषाणूची तपासणी झाली आहे का ते विचारावे. जुना, बरा झालेला वाटणारा संसर्गही या औषधांमुळे पुन्हा उफाळतो.

हेपेटायटिस सी मात्र गोळ्यांनी बरा होतो. बहुतेक रुग्णांना बारा आठवड्यांचा कोर्स पुरतो आणि शंभरातील नव्वदहून अधिक जणांच्या शरीरातून विषाणू नाहीसा होतो. येथे सापळा असा की विषाणू गेला म्हणजे सगळे संपले असे वाटून लोक दवाखान्याकडे पाठ फिरवतात. उपचाराआधीच सिऱ्हॉसिस झालेला असेल तर कर्करोगाचा धोका कमी होऊनही शिल्लक राहतो आणि सहा महिन्यांची तपासणी चालूच ठेवावी लागते.

राष्ट्रीय व्हायरल हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्याअंतर्गत बी आणि सी या दोन्हींच्या तपासण्या आणि औषधे मोफत दिली जातात. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या कार्यक्रमाच्या उपचार केंद्राची चौकशी करावी.

५. सहा महिन्यांचे वेळापत्रक ठरवा आणि मोडू नका

दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि तिच्या जोडीला रक्तातील एएफपी (यकृताच्या कर्करोगात वाढू शकणारे एक प्रथिन) ही तपासणी, असा साधारण शिरस्ता आहे. तो पुढील लोकांना लागू होतो : कोणत्याही कारणाने सिऱ्हॉसिस झालेले रुग्ण, हेपेटायटिस बी असलेले, सिऱ्हॉसिस नसले तरी, चाळिशीपुढील पुरुष आणि पन्नाशीपुढील स्त्रिया, आणि हेपेटायटिस बी असून घरात कोणाला यकृताचा कर्करोग झालेला असेल असे कोणत्याही वयाचे लोक. नुसते फॅटी लिव्हर आहे, व्रण नाहीत, अशांना हे वेळापत्रक सरसकट लागत नाही. त्यांच्यातही क्वचित हा कर्करोग होतो, पण एकेका माणसाचा धोका इतका कमी असतो की वजन, साखर आणि व्रणांचा आकडा यांवर लक्ष ठेवणे अधिक फायद्याचे ठरते.

सहाच महिने का, असा प्रश्न मलाही पडला होता. गाठ दुप्पट व्हायला साधारण लागणारा काळ विचारात घेऊन हे अंतर ठरवले आहे. दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सापडलेली गाठ सुईने जाळता येते, कापून काढता येते किंवा यकृत प्रत्यारोपणाचा विचार होऊ शकतो. वर्ष-दीड वर्षाचा खंड पडला की हे पर्याय एकेक करून बंद होऊ लागतात, आणि तोवर रुग्णाला काहीच दुखत नसते, कारण यकृताच्या आत वेदना कळत नाही. त्याचे बाहेरचे आवरण ताणले गेले तरच दुखते.

या तपासणीबाबत आम्हाला उशिरा कळलेल्या काही गोष्टी अशा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसते 'पोटाची सोनोग्राफी' असे न लिहिता 'सिऱ्हॉसिस, यकृतात गाठ आहे का पाहणे' असे लिहून घ्यावे, म्हणजे रेडिओलॉजिस्ट त्या नजरेने पाहतात. जमेल तितके एकाच केंद्रात जावे आणि आधीचा अहवाल सोबत न्यावा. सहा ते आठ तास उपाशी राहून जावे. 'फक्त चहा घेतला' हेही चालत नाही, कारण दुधाच्या चहाने पित्ताशय आकुंचन पावते आणि आत काय आहे ते नीट दिसत नाही. अण्णांनी एकदा गुपचूप अर्धा कप घेतला होता. तंत्रज्ञ मुलीने पडद्यावर पाहताच विचारले, "आजोबा, चहा झाला ना?" आणि आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. यकृत संपूर्ण दिसले की नाही, हे अहवालात लिहिले आहे का ते पाहावे. पोट मोठे असल्यास किंवा आतड्यातील वायूमुळे अर्धे यकृत झाकले जाते. 'गाठ नाही' आणि 'जेवढे दिसले त्यात गाठ नाही' यांत मोठा फरक आहे. वारंवार नीट दिसत नसेल तर सीटी किंवा एमआरआय करावा का, ते विचारावे.

एएफपी नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नये. निदानाच्या वेळी बऱ्याच रुग्णांत ते नॉर्मलच असते. अण्णांचे ७ होते. उलट यकृताला नुसती सूज आली असतानाही ते वाढू शकते. संपूर्ण शरीराच्या तपासणीच्या पॅकेजमध्ये 'कॅन्सर मार्कर' म्हणून हे आकडे विकले जातात. सोनोग्राफीशिवाय त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य आहे आणि मनस्ताप मात्र भरपूर होतो.

६. पित्ताशय आणि पित्तनलिकेकडे वेगळे लक्ष द्या

पित्ताशयाच्या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांत पित्तखडे आढळतात, पण पित्तखडे असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. ही दोन वाक्ये एकत्र वाचावीत, नाहीतर एक तर अनाठायी घबराट होते किंवा अनाठायी बेफिकिरी. आपल्या देशात हा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात, म्हणजे उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगाल या पट्ट्यात, तसेच आसामात जास्त आढळतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. महाराष्ट्रात त्याचे प्रमाण त्या मानाने कमी आहे.

काहीही त्रास न देणारे लहान खडे सरसकट काढत नाहीत. मात्र तीन सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा, पित्ताशयाच्या भिंतीत साचलेले कॅल्शियम, एका जागी जाड झालेली भिंत किंवा दहा मिलिमीटर आणि त्याहून मोठा पॉलिप (आतल्या भिंतीवर वाढलेला कोंब), यांपैकी काही अहवालात असेल तर 'त्रास होईल तेव्हा बघू' असे न म्हणता लगेच शल्यचिकित्सकांना भेटावे. लहान पॉलिप असेल तर तो किती महिन्यांनी पुन्हा मोजायचा, ती तारीख लिहून घ्यावी.

आईचे पित्ताशय काढले तेव्हाचा अनुभव सांगतो. शस्त्रक्रियेनंतर तासाभराने एका परिचारिकेने माझ्या हातात प्लास्टिकची बरणी दिली. आत फॉर्मेलिन, त्यात पित्ताशय, बाहेर रबराने अडकवलेली आणि अर्धी भिजलेली चिठ्ठी. "हे लॅबला देऊन या," एवढेच सांगितले. मी दिले. दहाव्या दिवशी टाके काढताना "सगळे छान आहे" असे ऐकले आणि आम्ही घरी आलो. अहवाल प्रयोगशाळेतच पडून होता. तो आणायचा असतो हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि तो कोणी मागितलाही नव्हता. तीन आठवड्यांनी मला आठवण झाली. सुदैवाने नुसती जुनी सूज निघाली. पण खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात क्वचित अनपेक्षितपणे कर्करोग सापडतो. तो अगदी वरच्या थरात असेल तर झाली तेवढी शस्त्रक्रिया पुरते, भिंतीच्या स्नायूपर्यंत पोहोचला असेल तर यकृताचा थोडा भाग आणि लसिकाग्रंथी काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि त्यात उशीर परवडत नाही. म्हणून काढलेले प्रत्येक पित्ताशय तपासायला गेले आहे याची खात्री करा, पावती जपा, अहवाल स्वतः आणा आणि डॉक्टरांना दाखवून त्यावर त्यांचा शेरा घ्या.

विषमज्वराचाही येथे संबंध आहे. ताप बरा झाल्यानंतरही थोड्या लोकांच्या पित्ताशयात, विशेषतः खड्यांवर, हे जंतू वर्षानुवर्षे राहतात आणि अशा लोकांत पित्ताशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मात्र विषमज्वरासाठी केली जाणारी विडाल ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आपण असे जंतुवाहक आहोत असे समजू नये. त्या तपासणीवरून ते ठरत नाही.

पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या बाबतीत दोन आजार लक्षात ठेवावेत. मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या काही रुग्णांच्या पित्तनलिका जागोजागी सुजून अरुंद होतात. या विकाराचे संक्षिप्त नाव पीएससी. अशा रुग्णांपैकी साधारण दहा ते वीस टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी पित्तनलिकेचा कर्करोग होतो. म्हणून कोलायटिसच्या रुग्णाचे अल्कलाइन फॉस्फेटेज सतत वाढलेले असेल तर पित्तमार्गाचा एमआरआय करावा का, हे विचारलेच पाहिजे. दुसरा आजार म्हणजे पित्तनलिकेचा जन्मजात फुगा. पूर्वी लहानपणी तो काढून न टाकता केवळ आतड्याला जोडून देण्याची शस्त्रक्रिया करत असत; आत राहिलेल्या फुग्यात पुढे कर्करोग होऊ शकतो. घरात कोणाची लहानपणी अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर नेमके काय केले होते, ते जुन्या कागदांतून शोधावे.

यकृतातील चपट्या कृमींमुळे हा कर्करोग होतो असेही वाचनात येते. ते खरे आहे, पण ते प्रामुख्याने ईशान्य थायलंड, लाओस आणि चीन-कोरियाच्या काही भागांत, गोड्या पाण्यातील कच्चे मासे खाण्याने. आपल्याकडच्या शिजवलेल्या माशाच्या कालवणाला त्यात गोवण्याचे कारण नाही. बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका मात्र खरोखर टाकून द्यावेत. त्यातील अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगाला कारण ठरते, हेपेटायटिस बी असलेल्यांत तर अधिकच, आणि भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. खवट दाणे कुटून चटणीत ढकलायची सवय आमच्या घरात होती. ती आता नाही.

७. गाठ दिसली तर पुढचा क्रम

सोनोग्राफीत एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ दिसली तर साधारणतः तीन महिन्यांनी पुन्हा पाहतात. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन, वेगवेगळ्या वेळी चित्रे घेणारा सीटी किंवा एमआरआय करतात. औषध येताच गाठ चकाकते आणि नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिकी पडते, हा या कर्करोगाचा ठसा आहे. सिऱ्हॉसिसच्या रुग्णात तो स्पष्ट दिसला तर बायोप्सीशिवायही निदान पक्के करता येते. 'बायोप्सी का नाही केली' म्हणून आम्ही वाद घातला होता, तो अज्ञानातून. साधा सीटी, किंवा औषधाचा एकच टप्पा असलेला सीटी येथे पुरत नाही आणि खर्च दुप्पट होतो, म्हणून 'ट्रिपल फेज' हे शब्द चिठ्ठीवर आहेत का ते पाहावे. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांच्या कामाचा) ताजा अहवाल सोबत न्यावा. मधुमेहाच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन असेल तर आधी सांगावे.

मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहेच. इतरत्रही यकृतविकारतज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात असे केंद्र निवडावे, कारण गाठ किती मोठी आहे यासोबतच उरलेले यकृत किती काम करते, यावर उपचार ठरतो. अण्णांचे यकृत शस्त्रक्रिया झेपण्याइतके चांगले नव्हते. त्यांची गाठ सुईने जाळली.

८. कावीळ उतरवत बसू नका

डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग मातीसारखा फिका आणि अंगाला खाज, पण पोटात दुखत नाही. असे चित्र असेल तर पित्तमार्ग कोठेतरी अडला आहे असे समजून एक-दोन दिवसांत सोनोग्राफी करावी. गळ्यात काविळीची माळ घालून ती लांब होण्याची वाट पाहणे किंवा चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणे, यांत जाणारे तीन-चार आठवडे परत मिळत नाहीत. विषाणूची साधी कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. अडलेला पित्तमार्ग असा सुटत नाही. सिऱ्हॉसिसच्या रुग्णाच्या पोटात एकाएकी पाणी भरू लागले, वजन झपाट्याने उतरले किंवा रक्ताची उलटी झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

अडथळ्याच्या काविळीत सीए १९-९ ही 'कॅन्सर मार्कर'ची रक्ततपासणी बहुधा वाढलेलीच येते, कारण साधा खडा अडकला तरी ती वाढते. त्या एका आकड्यावरून घरात रडारड करू नये, अडथळा दूर झाल्यावर ती पुन्हा करावी.

९. घरातील इतरांची तपासणी

हेपेटायटिस बी निघाल्यास पती किंवा पत्नी, मुले, भावंडे आणि आई यांची तपासणी करावी. जन्माच्या वेळी आईकडून संसर्ग झालेल्या दहापैकी जवळजवळ नऊ बाळांत तो कायमचा राहतो, तर प्रौढपणी संसर्ग झालेल्यांपैकी शंभरात पाचांहूनही कमी जणांत. कर्करोगाची सुरुवात बहुधा अशी एक पिढी आधी झालेली असते. भारतात ही लस २०११ पर्यंत देशभरातील बालकांच्या नियमित लसीकरणात आली, त्यामुळे आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. त्यांनी आधी रक्त तपासावे आणि संसर्ग नसेल तर लस घ्यावी : पहिली मात्रा, एक महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. आई बाधित असेल तर बाळाला जन्मापासून चोवीस तासांच्या आत लस आणि तिच्यासोबत प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यावे लागते. प्रसूतीची तारीख जवळ आली की हे इंजेक्शन रुग्णालयात उपलब्ध आहे का, ते आधीच विचारून ठेवावे, कारण रात्री दोन वाजता ते शोधत फिरणे फार अवघड असते.